पानं गुडघ्याएवढी, बीट बोटाएवढं: एका वाफ्याचा तपास

घरामागच्या गादीवाफ्यातलं हे बीट. वाफा अडीच मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, एक आखूड बाजू उंच भिंतीला लागून. पेरणीला १० आठवडे झाले होते. बियाण्याच्या पाकिटावर काढणीची मुदत ६० दिवसांची लिहिलेली. वरून पाहिलं तर कुणालाही हेवा वाटावा असं पीक: गडद हिरवी, लाल शिरांची, गुडघ्याला लागणारी पानं, आणि इतकी दाट की मधली माती दिसत नव्हती. वाफा सांभाळणाऱ्या काकू मात्र वैतागलेल्या होत्या. "वर बघावं तर जंगल, आणि उपटलं की उंदराचं शेपूट," असं म्हणत त्यांनी चार रोपं उपटून पुढ्यात टाकली. दोन मुळं करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढं, आणि चौथ्याला मूळ म्हणावं असं काही नव्हतंच.

त्यांचा प्रश्न एकच होता: कोणतं खत कमी पडलं? तोवर दोन सल्ले त्यांच्यापर्यंत पोचलेही होते. एकानं टाकणखार (बोरॅक्स) घालायला सांगितलं होतं, कारण बीटाला बोरॉन लागतं आणि ते त्यातून मिळतं. दुसऱ्यानं आणखी शेणखत. टाकणखाराची पुडी आणलेली होती, फक्त अजून फोडली नव्हती, आणि ते बरंच झालं.

खताचं विचारणाऱ्याला आधी पेरणीचं विचारावं, अशी माझी सवय आहे. माती चांगली होती, पोयट्याची, भुसभुशीत. लागवडीआधी कुजलेलं शेणखत सढळ हातानं मिसळलेलं. ओळी १५ सेंटिमीटरवर काढल्या आणि त्यात बी चिमटीनं सोडत नेलं, म्हणजे बियाला बी लागून. उगवण उत्तम झाली. त्यानंतर विरळणी झालीच नाही. "एवढी छान उगवलेली रोपं उपटायला हात होईना हो," काकू म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात पानं जरा फिकी वाटली म्हणून नत्राचं खत पाण्यातून दिलं, पानं तरारली, म्हणून पुन्हा एकदा दिलं. पाणी रोज संध्याकाळी, थोडं थोडं, झारीनं.

एवढं ऐकल्यावर निदान जवळपास झालंच होतं. पण ऐकीव माहितीवरच निदान ठरवायचं नसतं. वाफा काय सांगतो ते पाहायला हवं होतं.

मधल्या रोपांकडे सगळ्यांचंच लक्ष जातं, म्हणून मी वाफ्याच्या कडा आधी पाहिल्या. लांब बाजूंच्या दोन्ही कडांना, जिथं शेवटच्या ओळीच्या पलीकडे मोकळी वाट होती, तिथं मातीतून लाल खांदे वर आलेले दिसत होते. बोटांनी माती बाजूला केली तर ६ ते ७ सेंटिमीटर व्यासाची पोसलेली बीटं. हातभर आत गेलं की काहीच नाही. त्यातही गंमत अशी की कडेच्या रोपांची पानं आतल्यापेक्षा बुटकी होती. देठ आखूड, पसरलेले. आतल्या रोपांचे देठ मात्र लांबलचक, ताठ, वर वर गेलेले.

या एका निरीक्षणानं निम्मे संशयित सुटले. बियाणं खराब असतं, तर कडेलाही बीट धरलं नसतं. हवामान मानवलं नसतं, तरी तेच. मातीत बोरॉन नाही, सामू (मातीचा आम्ल-अल्कपणा, म्हणजे pH) बिघडलाय, माती खाली घट्ट आहे, यांतलं कुठलंही कारण वाफ्याची कड आणि वाफ्याचा मधला भाग असा भेद करत नाही. तरी खात्री म्हणून सामू तपासला, साडेसहाच्या आसपास निघाला, म्हणजे बीटाला हवा तसाच (६ ते ७ चांगला; ६ च्या खाली गेला की बीट कुरकुरायला लागतं). लोखंडी सळई मातीत खुपसली, ती फुटभर अडथळ्याविना गेली. उपटलेली मुळं बारीक असली तरी सरळ होती. फाटे फुटलेले नव्हते, म्हणजे खाली दगड किंवा ढेकूळही नव्हतं.

बोरॉनबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण हा सल्ला बीटाच्या प्रत्येक तक्रारीवर दिला जातो. बीटाला बोरॉनची गरज इतर भाज्यांहून खरोखर जास्त असते, आणि कमतरता झाली की ती ओळखूही येते. मधली कोवळी पानं वेडीवाकडी होतात, करपतात, गाभा मरतो. बीट कापलं तर आत काळे, बुचासारखे कोरडे डाग दिसतात. माती अल्कधर्मी असेल किंवा फार काळ कोरडी राहिली असेल, तर हे जास्त होतं. इथं गाभ्याची पानं तुकतुकीत होती. कडेची दोन बीटं उभी चिरून पाहिली, आत एकही डाग नव्हता. आणि मुळात बोरॉन कमी पडल्यानं बीट आतून सडतं. वर जंगल आणि खाली शेपूट असं चित्र त्यानं तयार होत नाही. टाकणखाराची पूरक मात्रा चौरस मीटरला जेमतेम १ ते २ ग्रॅम असते. पुरेसं आणि विषारी यांतलं अंतर बोरॉनच्या बाबतीत फार थोडं आहे, त्यामुळे "मूठभर टाकून बघू" हा प्रयोग पुढच्या पिकालाही भोवतो. पुडी बंदच राहिली.

राहिलं ते गर्दी, नत्र आणि ऊन.

गर्दीचं मूळ बियातच आहे. ज्याला आपण बीटाचं एक बी म्हणतो, ती खरं तर सुकलेल्या फळांची एकत्र चिकटलेली गाठ असते. तिच्यात दोन ते पाच बिया असतात आणि एका गाठीतून तितकी रोपं वर येऊ शकतात. म्हणजे बीट कितीही काळजीनं, अंतर मोजून पेरलं तरी रोपं झुबक्यानंच उगवतात. इथं तर गाठीला गाठ लावून पेरलेली. साखरबीटाच्या शेतांतही पिढ्यान्‌पिढ्या हीच डोकेदुखी होती. वाकून, खुरप्यानं, हातानं झुबके फोडत मजूर ओळीच्या ओळी विरळ करायचे. १९४८ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात व्ही. एफ. सावित्स्की यांना बियाण्याच्या शेतात एका गाठीत एकच बी धरणारी मोजकी झाडं सापडली, आणि त्यांतून पुढे एकबीजी वाणांची पैदास झाली. शेतातल्या साखरबीटाचा प्रश्न त्यानं सुटला. बागेतल्या भाजीच्या बीटाचे बहुतेक वाण मात्र अजूनही बहुबीजीच आहेत. पाकिटावर तसं वेगळं लिहिलेलं नसेल तर बहुबीजी धरून चालावं.

आता दाटीत वाढलेलं रोप पानं एवढी का वाढवतं? शेजाऱ्याच्या पानांतून गाळून आलेला किंवा त्यांवरून परतलेला प्रकाश रोपाला ओळखता येतो. त्यात लाल प्रकाश कमी आणि अतिलाल, म्हणजे लालच्याही पलीकडचा, जास्त असतो. ती खूण मिळाली की रोप देठ लांबवतं, पानं वर रेटतं, आणि जी साखर मुळात साठवायची ती उंची गाठण्यात घालवतं. आतल्या रोपांचे लांब, ताठ देठ हीच त्याची खूण होती. त्यात दोनदा दिलेलं नत्र. नत्र मिळालं की पानं आणखी जोमानं येतात, सावली आणखी दाट होते, शर्यत आणखी वाढते. काकूंनी ज्याला रोपं खूश झाल्याची खूण मानलं होतं, ती खरं तर त्यांची घुसमट होती. बीटाच्या पानांची तारीफ झाली की मला धास्तीच वाटते.

उन्हाचा वाटा भिंतीकडच्या टोकाला होता. तिथं कडेची रोपंसुद्धा बारीकच राहिली होती. दुपारनंतर तिथं सावली पडायची. बीटाला किमान ६ तास थेट ऊन हवं, त्या पट्ट्याला चार-साडेचार मिळत असावं. म्हणून तो पट्टा हिशेबातून बाजूला काढला. एकाच वाफ्यात दोन वेगळी कारणं मिसळली की कुठल्या उपायानं काय झालं ते कळत नाही.

प्रश्न होता तो आता काय करायचं याचा. १० आठवडे झालेल्या बीटाची विरळणी करून उपयोग होतो का? बागेची पुस्तकं याबाबतीत गप्प असतात. विरळणी रोपं ५ सेंटिमीटरची असताना करायची, एवढं सांगून पुढे जातात. मला आशा वाटत होती ती बीटाच्या रचनेमुळे. बीट आडवं कापल्यावर जी वलयं दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचा पाया रोप अगदी लहान असतानाच घातलेला असतो. पुढे ही सगळी वलयं जवळपास एकाच वेळी फुगत जातात. म्हणजे उशीर झाला तरी यंत्रणा तयार असते, फक्त फुगायला साखर आणि जागा मिळालेली नसते. साखर आणि जागा दिली तर काही रोपं तरी सावरतील, असा तो तर्क होता.

भिंतीचा पट्टा सोडून उरलेल्या वाफ्याचे तीन भाग केले. पहिल्याला हात लावायचा नाही, हे काकूंना पटवायला वेळ लागला, कारण आता त्यांना सगळ्याच रोपांची दया येऊ लागली होती. दुसऱ्या भागात दर १० सेंटिमीटरवर सगळ्यांत जाड मानेचं (मान म्हणजे देठ आणि मूळ मिळतात तो भाग) रोप ठेवून बाकीची कात्रीनं जमिनीलगत कापली. तिसऱ्या भागात तेवढंच अंतर ठेवलं, पण जास्तीची रोपं उपटून काढली. खत पूर्ण बंद. रोजची झारी बंद करून आठवड्यातून दोनदा खोल पाणी. एकूण हिशेब चौरस मीटरला आठवड्याला २५ लिटरच्या आसपास, पाऊस झाला तर तेवढं कमी. रोज वरवर शिंपडलेलं पाणी वरच्या दोन बोटांतच राहतं.

उपटलेल्या भागात दुसऱ्याच दिवशी गडबड दिसली. झुबक्यातली मुळं एकमेकांत गुंतलेली होती. शेजारचं उपटताना ठेवायचं रोपही हललं, काही आडवी झाली, ऊन चढल्यावर माना टाकायला लागली. त्यांना मातीची भर देऊन उभं करावं लागलं. कापलेल्या भागातली रोपं एक-दोन दिवस जरा ढेपाळली, कारण इतके दिवस ती शेजाऱ्यांच्या आधारानं उभी होती, पण लगेच सावरली. लहान रोपांची विरळणी उपटून केली तरी चालते, वाफशावरच्या मातीतून ती अलगद निघतात. वाढलेल्या दाटीत कात्रीच बरी.

पाचेक आठवड्यांनी फरक मोजायची गरज पडली नाही, दिसतच होता. कापून विरळलेल्या भागात बहुतेक बीटं ४ ते ५ सेंटिमीटरपर्यंत आली होती. कडेच्या बीटांच्या तोडीची नव्हती, पण घरात आणावी अशी नक्कीच. उपटलेल्या भागातही तसंच, फक्त थोडी मागे, आणि आडवी झालेली काही वाकडी पोसलेली. न छेडलेल्या भागात काही दांडग्या रोपांनी शेजाऱ्यांना दाबून स्वतःची जागा करून घेतली होती, उरलेली जिथल्या तिथं. आणखी एक दिसलं: विरळणीच्या वेळी ज्यांचं मूळ करंगळीहूनही बारीक होतं ती रोपं दोन्ही भागांत फारशी फुगली नाहीत. तर्क खरा ठरला, पण अर्धाच. उशिरा विरळणी करायची वेळ आलीच, तर ठेवायचं रोप पानांवरून निवडू नये. माती बोटभर उकरून मान बघावी.

दरम्यान कडेच्या बीटांची एक वेगळीच गोष्ट झाली. ती काढणीला कधीच तयार होती, पण काकूंना वाटलं की चांगली धरलीत तर आणखी मोठी होऊ द्यावीत. काही ९-१० सेंटिमीटरपर्यंत गेली. मधे आठवडाभर पाणी द्यायचं राहिलं, मग एका रात्रीत मुसळधार पाऊस. त्यातली कितीतरी खांद्यावर उभी तडकली. न तडकलेली कापली तर वलयांमधे चिवट, लाकडासारखे धागे. बीट ५ ते ७ सेंटिमीटरचं झालं की काढावं. सगळा वाफा एकदम काढायचीही गरज नाही. मोठी आधी काढत गेलं की लहानांना जागा होते, आणि तीच एक प्रकारची विरळणी असते. फार लांबवलं, आणि त्यात काही आठवडे १० अंशांखालची थंडी लागली, तर बीट फुलदांडा काढायला निघतं. ते द्विवार्षिक, म्हणजे पहिल्या वर्षी साठवून दुसऱ्या वर्षी फुलणारं पीक आहे, साठवलेली साखर त्याला फुलण्यासाठीच हवी असते.

कापलेल्या एका बीटात लालच्या मधे पांढुरकी वलयं आली होती. "रोग तर नाही ना?" नाही. वाढीच्या काळात उष्णता जास्त झाली की रंगद्रव्य कमी साठतं आणि वलयं फिकी पडतात. बीटाला १५ ते २० अंशांचं हवामान मानवतं. इटलीतल्या कियोज्जा गावाच्या नावानं ओळखलं जाणारं बीट तर जात्याच लाल-पांढऱ्या वलयांचं असतं. काही पानांवर राखाडी, जांभळ्या कडेचे गोल ठिपके होते, ते सर्कोस्पोरा बुरशीचे. दाटीत हवा खेळत नाही म्हणून ते आले होते आणि विरळणीनंतर पुढे सरकले नाहीत. पानं काढून टाकली, फवारणीची गरज पडली नाही.

काढणी काकूंनी नीट केली. आदल्या दिवशी पाणी, दुसऱ्या दिवशी बाजूनं खुरप्यानं माती सैल करून बीट वर उचलणं. पानं सुरीनं न कापता हातानं पिळून तोडायची आणि ३-४ सेंटिमीटर देठ ठेवायचे, शेपूटही तसंच. चिरलं की लाल रस गळतो आणि तिथूनच सड लागते. पानं मात्र काढलीच पाहिजेत, नाहीतर ती बीटातलं पाणी ओढत राहतात आणि बीट मऊ पडतं. लगेच लागणारी घरात गेली, उरलेली न धुता ओलसर वाळूच्या थरांत, थंड जागी. ० ते ४ अंश आणि भरपूर दमटपणा मिळाला तर ती महिनोन्‌महिने टिकतात. साध्या घरात एवढी थंडी मिळत नाही, त्यामुळे तिथं तेवढी अपेक्षा ठेवू नये.

त्याच वाफ्यात, खत न घालता, पुन्हा पेरणी केली. बी काही तास भिजवलं आणि ते पाणी ओतून दिलं. गाठीच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती पाण्यात उतरतात. ओळी ३० सेंटिमीटरवर, दर १० सेंटिमीटरवर एक गाठ, २ सेंटिमीटर खोल. बियातून निघालेल्या पहिल्या दोन दलांनंतरची दोन खरी पानं आल्यावर प्रत्येक झुबक्यातलं एक ठेवून बाकीची कात्रीनं कापली. हात होत नसल्याची अडचण काकूंनी स्वतःच सोडवली: कापलेली कोवळी पानं ताटात आली, मग ती विरळणी न राहता पहिली काढणी झाली.

एका कोपऱ्यात मुद्दाम उलट करून पाहिलं. दर ३० सेंटिमीटरवर एक झुबका, त्यात चार रोपं, आणि ती तशीच ठेवायची. चारही बीटं एकमेकांना बाहेरच्या बाजूला ढकलत छान पोसली. चेंडूसारखी गोल नाहीत, एका बाजूला जरा चपटी, पण भरलेली. म्हणजे झुबका स्वतः वैरी नाही. प्रत्येक रोपाच्या निदान एका बाजूला मोकळं आकाश हवं. कडेची बीटं पहिल्या वेळी त्याच जोरावर धरली होती. ज्यांना विरळणी नकोशी वाटते त्यांना मी आता हीच पद्धत सांगतो.

भिंतीकडच्या पट्ट्यात बीट परत लावलं नाही. तिथं स्विस चार्ड आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं ते बीटच, बीटा व्हल्गॅरिस, फक्त पानांसाठी जोपासलेलं, त्यामुळे कमी उन्हात त्याचं निभतं. पण प्रजाती एकच असल्यानं रोगही तेच येतात. म्हणून फेरपालट करताना बीट आणि चार्ड ही दोन पिकं न मोजता एकच मोजायची, असं ठरलंय, आणि हा हंगाम संपला की दोन-तीन वर्षं त्या वाफ्यात दोन्हींपैकी काहीच नाही.